गाडी चालू ठेवून

मान्दलगोबीच्या क्रीडाभवनात शेवटची फेरी.
बाकीचे पट मोकळे झालेत, सोंगट्या पिशव्यांत गेल्यात,
बास्केटबॉलच्या रेघांवर एकच टेबल उरलंय,
त्यावर दोन कोपरं इकडची, दोन तिकडची.

खुलान, वय बारा. नावाचा अर्थ रानगाढव;
गोबीत हे कौतुकाचं नाव आहे, आपण हसू नये.
समोर तोगोल्दोर, तिच्याहून चार महिन्यांनी मोठा,
नव्वद किलोमीटरवरून आलेला,
कानटोपी मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसतो,
चाल करायची तेवढा एक हात सोडवतो.

तिकडे उंटाला उंटच म्हणतात.
हत्ती मात्र नाही, त्याच्या जागी गाडी.
आणि प्याद्याला म्हणतात मुलगा.
म्हणजे आत्ता पटावर असं:
तिचा राजा, तिची गाडी, तिचा एक मुलगा.
याचा राजा, याची गाडी.
मुलगा म्हणावं तर हाच, खुर्चीतला.

बाहेर बापाचा ट्रक उभा, इंजिन चालू.
उणे एकतीसमध्ये कुणी ते बंद करत नाही;
बंद केलं की डिझेल तुपासारखं थिजतं.
घरघर भिंतीतून येते, टेबलाच्या पायांतून वर चढते.
तोगोल्दोरला ती लिटरमध्ये ऐकू येते.
बाप पैशांचं बोलला नाही.
फक्त सकाळी टाकीत काठी बुडवून
ओला भाग बोटांनी मोजत होता,
आणि पुन्हा एकदा मोजला.

म्हणून हा पटापट खेळतोय.
घड्याळात अठरा मिनिटं पडून आहेत,
त्यांना हात लावत नाही, जणू तीही बापाचीच.
बरोबरी दोनदा विचारून झाली.
पहिल्यांदा खुलाननं मान हलवली,
दुसऱ्यांदा तेवढीही नाही.
ती आपल्या मुलाला घर घर पुढे रेटते आहे,
मागे राजा, बाजूला गाडी,
नाव ठेवणाऱ्यानं उगाच ठेवलं नव्हतं.

पण घाई लागट असते. समोरचा भरभर खेळला की
आपलेही हात भरभर चालू लागतात.
मुलगा सहाव्या घरात गेला.
तिनं बोट उचललं. घड्याळ दाबलं.

आणि बाहेर इंजिन बंद पडलं.

नाही, पडलं नाही. कुणीतरी किल्ली फिरवली.
दार उघडलं, थंडीचा एक पट्टा आत सरपटत आला,
मागून बाप. मिशांवर पांढरं.
सर्वांत खालच्या बाकावर बसला,
टोपी काढून मांडीवर घेतली, दोन्ही हातांनी धरली.
पंचबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. तो बोलतच नव्हता.

तोगोल्दोरनं वर पाहिलं, मग खाली.
आता घरी जायचं उद्या.
आता नुसता पट.
पंधरा मिनिटं त्यानं काहीच केलं नाही.
सभागृहातला हीटर टकटक करत राहिला.
खुलाननं आधी नखं पाहिली,
मग पटाकडे पाहिलं, आणि तिला दिसलं.
हात सुटल्यावर दिसतं तसं, स्वच्छ.
मुलगा पुढे गेला तसा राजाचा आडोसाही गेला.

त्यानं गाडी उचलली
आणि पार खाली, शेवटच्या ओळीत नेली,
जिथून सगळं मैदान दिसतं.
मागून शह. बाजूला सरली. मागून शह.
कुठे लपणार? गोबीत झाड असतं का?
सत्त्याऐंशीव्या चालीला तिनंच हात पुढे केला.

अर्ध्या गुणानं तीच पुढे, राजधानीला तीच जाणार.
याच्या अर्ध्या गुणानं तक्त्यात काहीच हललं नाही.

बाप उठला. 'जिंकलास?'
'नाही.'
'हरलास?'
'नाही.'
बापानं जरा विचार केला.
'मग बरं झालं बंद केला,' म्हणाला,
आणि रात्रीसाठी कुठे पाठ टेकता येईल
ते पंचबाईंना विचारायला गेला.

सोंगट्या तर पिशवीत गेल्या होत्या.
खुलान पेनाची टोपणं घेऊन आली,
एक निळं, एक काळं, आणि खोडरबर.
'हा मुलगा,' म्हणाली, 'पाचव्यातच राहिला असता तर?'
खोडरबर एक घर मागे ठेवला.
तोगोल्दोरनं पहिल्यांदा टोपी खाली ठेवली.